माप

बाबांचं शिवणयंत्र अजून कोपऱ्यात आहे,
त्याच्यावर आता प्रिंटर.
दिवसभर सातबारा, आधार, शिष्यवृत्तीचे फॉर्म
आणि सहानंतर, लाईन असली तर,
नागपूरहून आणलेल्या जुन्या ग्राफिक्स कार्डाचे दोन कॉम्प्युटर.
हेडफोनचा डावा कान मधूनच मुका होतो.
तासाला वीस रुपये.

"एखादा भेवाचा गेम द्या ना जी," म्हणतात.
मी विचारते, कसा भेव?
बाबा टेप गळ्यात टाकूनच बोलायचे:
कापड दुकानदार देते, खांदे ज्याचे त्याचे.

इंदल वाढईला दचकायचं असतं.
दार उघडलं की काहीतरी अंगावर यावं,
त्यानं बोंबलावं, मागच्या दोघांनी हसावं,
आणि बंदुकीत गोळ्या भरपूर.
त्याचं माप सोपं.

चेतना श्रीरामे उपकेंद्रात औषधं वाटते.
तिला बंदूक दिली, तिनं चालवलीच नाही.
पडक्या दवाखान्यात टेबलांचे खण उघडत बसली:
कुणाची चिठ्ठी, कुणाचं अर्धं जळालेलं हजेरीपत्रक.
पिशवीत घरं आठच.
पट्टी ठेवू की किल्ली?
कंदिलाचं तेल, की शेवटच्या तीन गोळ्या?
"हे तर आमचं रोजचंच झालं," म्हणाली
आणि रोज यायला लागली.
"फक्त ती नर्स कुठं गेली, ते सांगू नका हं."

मोरेश्वर गुरनुलेचं माप मला तीनदा चुकलं.

तो गावच्या वनपथकात.
मोहफुलांच्या दिवसांत, नाल्यापलीकडे,
एका देहाजवळ रात्रभर बसला होता
पंचनामा होईपर्यंत.
चौघांत एक बॅटरी, बाकी काठ्या.
हे मला गावानं सांगितलं. त्यानं नाही.

पहिल्या गेममधून पाच मिनिटांत उठला:
"इतक्या गोळ्या कोनाजवळ असतेत जी?"
दुसऱ्यात धुकं होतं, ओस गाव,
आणि दूरवर ओढत येणारं एक पाऊल.
त्यानं हेडफोन काढून ठेवला.
"आवाज खोटा आहे.
पयले वांदरं बोलतेत, मंग सारं चूप होते.
त्याचं पाऊल आयकू येतच नाई."
तिसऱ्यात हातात काहीच नव्हतं,
कपाटात लपायचं, श्वास धरायचा.
त्यानं खरंच धरला.
मीच वायर ओढली.

"तुला पाहिजे तरी काय रे?"
बराच वेळ टेबलाचा सनमायका खरवडत राहिला.
"भेव नाई पायजे. भेव आहे मायाजवळ."
मग इथं कशाला येतोस, असं ओठांवर आलं होतं,
पण तो चेतनाच्या स्क्रीनकडे बघत होता.
एक लहानशी खोली. पिवळा दिवा, पत्र्याची पेटी,
एकच खुर्ची, अन् लांबून पेटीचे दोन-तीन सूर.

"इथं काय होते?"
"काही नाही होत. आतापर्यंतचं लिहून ठेवायचं फक्त."
"अन् तो?"
"इथं नाही येत."
"येतच नाई?"
"दार लावलं की नाही."

तेव्हापासून सोमवारी, गुरुवारी येतो.
आधीचे दोन व्हरांडे मी त्याला चुकवू देत नाही,
ते त्यानं घाबरतच ओलांडायचे;
सरळ आत सोडलं तर ती नुसती खोली.
आत गेला की काठी टेबलाला टेकवतो,
माऊसवरचा हात काढतो,
आणि बसतो.

परवा लाईन गेली.
यूपीएस ओरडायला लागला, बाहेर कुत्री.
म्हटलं, मोरेश्वर, सेव्ह कर, बंद होईल आता.
"हाये ना अजून दहा मिनट," तो म्हणाला,
"बसू द्या."

मी उठले
आणि दुकानाचं दार आतून लावलं.